पोचलास असं समज

सन १९६६, जानेवारी महिना; ऐन थंडीचे दिवस. रमजानचे रोजे संपून ईद साजरी झाली होती आणि ज्या रात्रीची ही हकीकत आहे, ती ईदच्या दुसऱ्या दिवसाची रात्र होती. सूर्यास्ताच्या नमाजनंतर, मगरीबनंतर, पश्चिमेला चंद्राची कोर दिसली आणि पाहता पाहता मावळली. मागे राहिला तो काळोख, आणि दुबईकडच्या त्या प्रदेशात थंडीत उतरते तसले दाट, ओले धुके.

वलीमामू ही हकीकत अजमानच्या आपल्या घराच्या अंगणात सांगत. ईशाची नमाज आटोपली, जेवणे झाली, कंदिलाची वात बारीक केली, की मग. ऐकायला भाचरे-पुतणी असत. आरंभीच ते बजावून ठेवीत की ही कुठली ऐकीव थाप नव्हे. ज्याच्यावर गुजरली तो जहूर पेचकर त्यांच्याच दाभोळचा, एका दस्तरखानावर त्यांच्याबरोबर जेवलेला माणूस. "भूत होतं की नव्हतं ते मला विचारायचं नाही," ते म्हणत. "काय झालं तेवढं सांगतो. खलास."

जहूर पेचकर दुबईत देरा भागात राहत असे आणि एका व्यापारी कंपनीत कारकून होता. कारकुनापेक्षा तो स्वतःला बराच काही समजत असे, आणि त्याचे कारण होते फ्रान्स. दुबईला येण्यापूर्वी तो एका आगबोटीवर भांडारात नोकरीस होता. ती बोट मार्सेल्सच्या गोदीत दुरुस्तीला लागली, तेव्हा खलाशांना आठवडाभराची सुट्टी मिळाली. इतर मंडळींनी ती बंदरावर झोपून काढली. जहूरने सायकल भाड्याने घेतली. आर्ल गावाच्या आसपासची खेडी त्याने सायकलने पाहिली, काही अंतर तिथल्या चिमुकल्या आगगाडीने गेला, आणि एकदा कुण्या पाद्र्याने त्याला आपल्या मोटारीत बसवून घेतले. एवढाच काय तो प्रवास. पण त्या एका आठवड्यावर हा गृहस्थ जन्मभर जेवला.

वाळूत कुणाची गाडी रुतली की जहूर नाक मुरडून म्हणे, "फ्रान्समध्ये रस्त्याला दुतर्फा झाडं असतात." कुणाला वाट विचारावी लागली की म्हणे, "तिथं कोसाकोसावर दगड आहे. पांढरा दगड, माथा पिवळा, वर आकडा. आंधळा माणूससुद्धा घरी पोचेल." आगगाडी तिथे चार घरांच्या वाडीलाही थांबते, सायकलीला सामानाच्या डब्यात वेगळी जागा असते, फाटक लावायला बाई असते आणि ती बाईही घड्याळ पाहून फाटक लावते. उंटावर न बसताही माणूस उंटावरचा शहाणा कसा होतो, हे पाहायचे असेल तर जहूरकडे पाहावे, असे त्याचे सोबती आपसांत म्हणत.

त्या प्रवासाची एक निशाणी त्याच्याकडे होती. फ्रान्सचे दहा सांतीमचे नाणे, मधोमध भोक असलेले. खेड्यातल्या एका पाववाल्या बाईने सुट्ट्या पैशांत ते त्याच्या हाती टेकवले होते. ते चलनातून केव्हाच बाद झालेले होते. म्हणजे बाईने याला सरळसरळ गंडवले होते. पण जहूरने त्या फसवणुकीचेच पदक केले आणि किल्ल्यांच्या कडीत अडकवून तो ते मिरवू लागला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या काही जणांनी धैदला सहलीला जायचे ठरवले. धैद म्हणजे शारजाच्या पलीकडे, वाळूच्या टेकड्या ओलांडल्यावर लागणारी खजुरीची बाग. वाहत्या पाण्याचे पाट, लिंबांची झाडे, सावली. साहेब बाहेरगावी गेलेला असल्याने जहूरने कंपनीची लँड रोव्हर मिळवली होती. दुसरी गाडी हनीफची. हनीफ श्रीवर्धनचा, जहूरच्याच दफ्तरात हिशेबनीस, अबोल आणि सोशिक. जहूरची फ्रान्सपुराणे त्याच्याइतकी कुणीच ऐकली नव्हती.

सकाळी निघताना जहूरची बायको सुरैय्या हातात कापडाची पट्टी घेऊन दारात उभी राहिली. प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या उजव्या दंडावर नाणे गुंडाळलेली पट्टी बांधतात, तिला इमाम-जामीन म्हणतात. माणूस सुखरूप पोहोचला की ती सोडायची आणि आतले नाणे गरिबाला द्यायचे. वाटेत सोडायची नाही. पट्टी दंडावर आहे तोवर माणूस प्रवासात आहे. पट्टी सुटली म्हणजे प्रवास संपला.

जहूरला असल्या गोष्टींचा तिटकारा होता. त्याने सुरैय्याच्या हातातला रुपया काढून घेतला, किल्ल्यांच्या कडीतून ते भोकाचे नाणे सोडवले आणि तिच्या तळहातावर ठेवले.

"बांधायचंच तर हे बांध. रुपया कशाला फुकट घालवायचा?"

"हे कोण घेणार?" सुरैय्या म्हणाली. "सदका आहे हा."

"जो घेईल तो मूर्ख."

ईदच्या सदऱ्याच्या उरलेल्या निळ्या कापडात तिने ते नाणे गुंडाळले आणि त्याच्या दंडावर बांधले. पट्टीवाचून ती कुणाला प्रवासाला निघू देत नसे, आणि त्याला कारण होते.

सुरैय्याचा धाकटा भाऊ हमीद पाच वर्षांपूर्वी दाभोळहून दुबईला यायला निघाला होता. तो पोहोचला नाही. त्याच्या आईने, मरियमबीने, जावयाकडे, म्हणजे याच जहूरकडे, निरोप पाठवला होता की पोराला कंपनीचा परवाना काढून दे, बोटीचं तिकीट काढून तो सरळ येईल. जहूरने उत्तर धाडले की कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. त्याने शब्द टाकला असता, तर साहेबाने अर्ध्या तासात परवाना दिला असता. पण सासुरवाडीचा खेडवळ पोरगा दफ्तरात येऊन आपल्याला "दुल्हाभाई" म्हणून हाक मारील, या कल्पनेनेच त्याला शहारे आले. मग हमीद चोरून आला. त्या काळी लाँचवाले अशा पोरांना रात्री खोर फक्कानच्या किनाऱ्यावर उतरवून देत आणि बोट दाखवून म्हणत, त्या डोंगराच्या पलीकडे दुबई. पुढे डोंगर, मग धैदची बाग, मग वाळू, सगळे पायी. हमीदच्या सोबतची पोरे पोहोचली. त्यांचे म्हणणे एवढेच, की धैदपर्यंत तो बरोबर होता.

तेव्हापासून मरियमबी कुणाला हमीदचा फातिहा, मेलेल्या माणसासाठी पढतात तो, पढू देत नव्हती. "त्याच्या दंडाला मी स्वतः पट्टी शिवलीय," ती म्हणे. "सुटलेली कुणी पाहिली? तो वाटेत आहे." हमीदची बायको कुबरा तिच्याच घरात होती, निकाहानंतर तीन महिने नवऱ्याचे तोंड पाहिलेली, आणि आता पाच वर्षे ना सुहागन, ना बेवा. तिच्या माहेरची माणसे दोनदा येऊन परत गेली. मरियमबीचे उत्तर एकच, वाटेतल्या माणसाची बायको उठून कुठे जाईल?

यावर जहूरचे मत ठरलेले होते. "माणसं तिकीट काढून, दिवसाउजेडी, बाकावर बसून प्रवास करतात," तो सुरैय्याला ऐकवी. "तुझा भाऊ बकऱ्यासारखा हाकलला गेला. बकऱ्याचा हिशेब कोण ठेवतो?"

अशा बायकोने, अशा माणसाच्या दंडावर, ती पट्टी बांधली.

सहल चांगली झाली. पाटाच्या कडेला बिर्याणी झाली, पत्ते झाले, जहूरचे फ्रान्स झाले. सूर्य कलला, तेव्हा जाणत्यांनी ठरवले की रात्र बागेतच काढावी आणि पहाटे निघावे. टेकड्यांतून रस्ता असा नव्हताच. चाकांच्या खुणा पाहत जायचे, आणि त्या धुक्यात दिसत नाहीत. शिवाय एकट्या गाडीने वाळूत शिरायचे नाही, हा तिथला शिरस्ता. रुतली तर ओढायला दुसरी हवी.

जहूरला मात्र गाडी सकाळी दफ्तराच्या दारात उभी हवी होती. साहेब परत येणार होता, आणि गाडी सहलीला नेली हे त्याला कळता कामा नये होते.

हनीफने खिडकीत हात ठेवून त्याला पुन्हा एकदा सांगून पाहिले. "रातभर थांब रे. फजर झाली की यल्ला म्हणू."

"आर्लच्या वाटेवर मी धुक्यातून सायकल चालवलीय. रात्री."

"तिथे दगड होते म्हणालास ना?" हनीफ म्हणाला. बाकीचे हसले. मग तो हळूच म्हणाला, "दंडाची पट्टी सैल झालीय बघ तुझी. नीट बांधून घे."

जहूरने त्याच्याकडे पाहिले देखील नाही. त्याने गाडी चालू केली.

धैदची शेवटची खजूर मागे पडली, खडकाळ सपाटी संपली आणि वाळू सुरू झाली. तिथे, उजव्या हाताला, एक माणूस उभा होता.

लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली. सदऱ्याला मूळचा रंग उरला नव्हता. डोक्याला आणि तोंडाला पिवळा पंचा गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे. चपला पायात नव्हत्या, हातात होत्या. त्याने दुसरा हात वर केला.

जहूरने ओळखले; म्हणजे जात ओळखली. लाँचने चोरून आलेला. आपल्याच किनाऱ्यावरचे, भिकार, बिनकागदाचे, दुबईत येऊन आपल्यासारख्यांची मान खाली घालणारे. वाळूत गाडी थांबवली तर रुतते, म्हणून त्याने ती नुसती हळू केली. माणूस खिडकीच्या बाजूने चालू लागला. धावत नव्हता. चालत होता, तरी मागे पडत नव्हता.

"दुबई?" माणसाने विचारले.

"कंपनीची गाडी आहे. सवारी घेत नाही."

"पोचवा फक्त."

या 'फक्त'चा जहूरला फार राग आला. गाडीची गादी, पोराचे मळके अंग, सकाळी साहेबाला येणारा वास, सगळे एकदम त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. काहीतरी देऊन हे टाळावे म्हणून त्याने खिसा चाचपला. खिशातला खरा पैसा त्याला द्यायचा नव्हता. मग हाताला ती सैल पट्टी लागली. त्याने ती हिसडून काढली आणि नाण्यासकट खिडकीतून फेकली.

"घे," तो म्हणाला. "पोचलास असं समज."

आणि त्याने वेग वाढवला.

इथे वलीमामू थांबत. कुणीतरी लहानगा विचारीच, "बट मामू, व्हाय डिडन्ट ही जस्ट गिव्ह हिम अ लिफ्ट? देअर वॉज स्पेस."

"होती ना. मागचे दोन्ही बाक रिकामे होते," वलीमामू म्हणत. "कधी कधी माणसाच्या गाडीत जागा असते, बाबा. माणसात नसते."

मग ते पुढे सांगत.

धुके टेकड्यांच्या मधल्या खळग्यांतून वर येत होते. दिव्यांचा उजेड चार हातांवर जाऊन पांढऱ्या भिंतीला टेकत होता. चाकांच्या खुणा दिसत होत्या. ताज्या, खोल, स्पष्ट. जहूर त्यांच्यावरून निघाला आणि मनात म्हणाला, या गावंढळांना एवढेही दिसत नाही. बराच वेळ तो असाच चालला. खुणा वळत होत्या. तोही वळत होता.

पुढे उजेडात कुणीतरी चालत होते.

पाठ दिसत होती. पिवळा पंचा. हातात चपला.

दुसरा असेल, असे जहूरला वाटले. हे लोक थव्याने येतात. त्याने भोंगा वाजवला नाही, खिडकीबाहेर पाहिले नाही, बाजूने गाडी काढली. आरशात पाहायचे त्याच्या मनात आले. पाहिले नाही.

मग खुणांच्या कडेला त्याला एक रिकामा डबा दिसला. पेट्रोलचा, पिचलेला. तो त्याने मघाशी एकदा पाहिला होता. म्हणजे या खुणा त्याच्याच गाडीच्या होत्या. आपल्याच चाकांमागे तो फिरत होता.

जहूरने खुणा सोडल्या. तारे दिसत नव्हते. समुद्र पश्चिमेला, पण पश्चिम कुठे? गाडी एका टेकडीवर चढली, कलली, घसरत उतरली. खाली सपाट होते. आणि त्या सपाटीवर, उजेडाच्या टोकाला, त्याला तो दिसला.

दगड.

पांढरा दगड. माथा पिवळा.

जहूरच्या तोंडून हसू फुटले. क्षणभर, खरोखर क्षणभर, त्याला वाटले की आता झाडे लागतील, फाटक लागेल, फाटकाची बाई कंदील घेऊन बाहेर येईल. दगडावर आकडा असेल. आकडा वाचायला त्याने गाडी हळू केली, अगदी हळू केली, जवळ नेली...

दगड नव्हता.

माणूस बसला होता. गुडघे छातीशी घेऊन. पिवळ्या पंच्याचे डोके गुडघ्यांवर टेकलेले. चपला शेजारी, एकावर एक, नीट ठेवलेल्या.

गाडी बंद पडली.

जहूरने किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. दिवे पिवळे झाले, मंद झाले. काचेवर धुके साचले. त्याने काच बाहीने पुसली.

समोर कुणी नव्हते.

चपला तेवढ्या होत्या.

मग त्याही दिसेनाशा झाल्या, दिवे गेले.

तो बसून राहिला. इंजिन थंड होताना टिकटिक करत होते. ती टिकटिक थांबली. काही ऐकू येत नव्हते. वारा नव्हता. आपला श्वास... तेवढा येत होता. मग त्याच्या ध्यानात आले की श्वास दोन आहेत.

मागच्या बाकावरून आवाज आला. फार दमलेला. दाभोळच्या बोलीचा हेल असलेला.

"दुल्हाभाई. पोचलो काय?"

जहूरने मान वळवली नाही.

दुबईत त्याला या नात्याने हाक मारणारे कुणीही नव्हते. सबंध जगात एकच माणूस होता. त्याच्या निकाहात शरबताचे पेले फिरवणारा, मिसरूडही न फुटलेला...

"पोचलो काय?"

जीभ टाळ्याला चिकटली होती. जन्मभर जिला कधी विश्रांती मिळाली नव्हती, ती जीभ.

वेळ गेला. किती, ते त्याला सांगता आले नाही.

"दुल्हाभाई..."

"नाही," जहूर म्हणाला. आवाज त्याचा त्याला ओळखू आला नाही. "अजून नाही."

मागे बाक करकरला.

मग त्याने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. दिवे लागले. त्याने ती पुढे घातली. कुठे ते ठाऊक नव्हते. टेकडी चढली. उतरली. मागून प्रश्न आला. तो म्हणाला, नाही. पुन्हा टेकडी. पुन्हा प्रश्न. नाही... दर वेळी आवाज मघापेक्षा जवळून येत होता. शेवटी मानेवर गार श्वास लागला. त्यात वाळूचा वास होता. कोरडा. पाणी ठाऊक नसलेला.

"वाट माहीत आहे ना?"

जहूर रडत होता. "नाही," तो म्हणाला. "मला वाट माहीत नाही."

त्यानंतर मागून काही विचारले गेले नाही. पण कुणीतरी बसलेले होते. ते कळत होते. रात्रभर कळत होते.

मग लांबून अजान ऐकू आली. फजरची. धुक्यातून विरत विरत, डाव्या हाताकडून. जहूरने गाडी तिकडे वळवली. वाळू पातळ झाली, जमीन कठीण लागली, आणि शारजाची पहिली घरे धुक्यातून बाहेर आली. खजुरीच्या झावळ्यांची, काळी, बुटकी. एका दारात बाई चूल पेटवत होती.

त्याने गाडी थांबवली. तो पुढेच पाहत राहिला. आणि कुणी विचारायच्या आधी, जसे एखाद्या थकल्या पोराला जागे करावे, तसे हळू म्हणाला, "पोचलो, हमीद."

मागे कुणी हलल्यासारखे झाले. दार उघडले नाही.

उजाडल्यावर त्याने वळून पाहिले. बाकावर वाळू होती, ओंजळभर. त्या वाळूवर एक पट्टी पडली होती. त्याने ती न निरखताच खिशात कोंबली.

देऱ्याला घरी पोहोचेपर्यंत जहूरने स्वतःची समजूत घातली होती. माणसाला असल्या कामाला वेळ किती लागतो? गाडी रुतली, डोळा लागला, स्वप्न पडले. पट्टी फेकली ती वाऱ्याने मागच्या मागे गाडीत आली. फ्रान्समध्ये याला... पण याला फ्रान्समध्ये काय म्हणतात, ते त्याला आठवेना.

सुरैय्याने दार उघडले. रात्रभर ती झोपलेली नव्हती. रिवाजाप्रमाणे तिने पट्टी सोडायला हात पुढे केला. दंड रिकामा पाहून तिचा चेहरा उतरला. जहूरने खिशातून पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सैल होती. वाटेत सुटली."

तिने ती उलटी केली. सुलटी केली. मग उजेडात धरली.

"ही मी बांधलेली नाही," ती म्हणाली.

तिने बांधलेली निळी होती, नवी. ही एके काळी हिरवी असावी. उन्हाने तिचा रंग गवताच्या काडीसारखा झाला होता. सुरैय्याने बांधलेल्या पट्टीला नुसती गाठ होती. ही सर्व बाजूंनी शिवलेली होती, आणि शिवण मासळीचे जाळे विणायच्या सुताची होती. अशा सुताने, असा दुहेरी टाका घालून, पट्टी शिवणारी एकच बाई सुरैय्याला ठाऊक होती. हिरवे कापड त्या बाईच्या ओढणीचे होते.

जहूर म्हणाला, "फाडून बघ आत काय आहे ते."

"नाही." लग्नानंतर तिने त्याला हा शब्द पहिल्यांदा ऐकवला. "जिनं शिवली ती सोडील."

पुढचे थोडक्यात सांगायचे. कंपनीत जहूरने रजा मागितली, साहेबाने कुरकुरत, तीन महिन्यांनी दिली. आगबोटीने मुंबई, मुंबईहून कोकणबोटीने दाभोळ. सबंध प्रवासात पट्टी सुरैय्याच्या पदराला पिनेने लावलेली होती आणि सबंध प्रवासात जहूरने कुणाला, कुठल्याही देशातल्या आगगाडीबद्दल, एक अक्षर सांगितले नाही.

मरियमबी ओसरीवर बसली होती. कुबरा तिच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून. सुरैय्याने पट्टी आईच्या मांडीवर ठेवली. म्हातारीची नजर अधू होती. तिने ती बोटांनी वाचली. एकेक टाका चाचपला, चारी बाजू, पुन्हा एकदा चारी बाजू.

"माझीच," ती म्हणाली. "एक टाका उसवलेला नाही."

कुबराने कात्री आणून दिली. म्हातारीने ती घेतली नाही. दाताने सूत तोडले, कापड उलगडले, आणि हात पुढे धरून आतला ऐवज तळव्यावर ओतला.

"ह्याच्यात मी चांदीचा रुपया शिवला होता," ती म्हणाली. तिने अंगठा फिरवला. अंगठा मध्येच अडला. "ह्याला भोक आहे."

जहूर उठून उभा राहिला. बसला. पुन्हा उठला.

दहा सांतीम होते ते. कडेला किल्ल्यांच्या कडीने पाडलेला ओरखडा होता. जानेवारीत, धैदच्या वाटेवर, निळ्या कापडात गुंडाळून त्याने खिडकीतून फेकलेले. आणि ते पाच उन्हाळे उन्हात विटलेल्या, कुणीही न उसवलेल्या टाक्यांच्या आत होते.

"कुणाचं आहे?" मरियमबीने विचारले. ती कुणाकडेच पाहत नव्हती.

"माझं," जहूर म्हणाला.

"त्याला तू दिलंस?"

"हो."

"देताना काय म्हणालास?"

ओसरीखाली कोंबडी माती उकरत होती. सुरैय्या त्याच्याकडे पाहत होती. कुबराही पाहत होती, आणि तिच्या पाच वर्षांचे उत्तर त्याच्या तोंडात होते.

"पोचलास असं समज... म्हणालो."

मरियमबीने मूठ मिटली. मशिदीतून जुम्म्याची अजान सुरू झाली, संपली.

"मग पोचला तो," ती म्हणाली. "पुरुषांना सांगा. नमाजनंतर हमीदच्या जनाजाची गायबाना नमाज पढायची, मयत समोर नसली तरी. कुबरा, बांगड्या उतरव बेटा. आजपासून तुझी इद्दत. चार महिने दहा दिवसांनी तू मोकळी."

त्या चांदीच्या रुपयाचे काय झाले, ते कुणी विचारले नाही. ते नाणे मात्र मरियमबीने मशिदीच्या पायरीवरच्या एका फकिराला पाठवले. फकिराने ते उजेडात धरले, भोकातून पाहिले, आणि हे इथे चालत नाही असे म्हणून परत केले.

तो दिवस शुक्रवार होता. २९ एप्रिल, १९६६.